फुल म्हणजे किती?

“गाडी फुल झाली की लगेच निघू,” हे वाक्य जव्हारच्या एस.टी. स्टँडाबाहेर काळी-पिवळी जीप लावून उभा असलेला चालक ज्या प्रसन्न, निःसंशय आणि जवळजवळ वैदिक स्वरात उच्चारतो, तो स्वर ऐकल्यावर या एवढ्याशा विधानात ‘फुल’ आणि ‘लगेच’ अशी दोन अत्यंत संदिग्ध पदे शेजारीशेजारी येऊन बसली आहेत, अशी शंका नवख्या प्रवाशाला येत नाही. मला येते, कारण मी हयातभर मुलांना गणित शिकवले आहे, आणि ज्या पदाच्या व्याख्येतच घोटाळा आहे त्याच्यावर पुढचा सिद्धांत उभा राहत नाही, हे मी भूमितीच्या पहिल्या तासापासून फळ्यावर लिहीत आलो आहे. ‘लगेच’चा नाद मी केव्हाच सोडून दिला. ‘फुल’ मात्र मला सोडीत नाही.

जीपमध्ये किती माणसे बसवण्याची परवानगी आहे, हे तिच्या दस्तऐवजांत नमूद असते; परंतु ते दस्तऐवज चालकाच्या डोक्यावरच्या झडपेमागे, देवाच्या तसबिरीशेजारी विराजमान असतात आणि तेथून त्यांना हलवण्याचे पातक कोणी करीत नाही. मधल्या बाकावर चार, मागे समोरासमोर आठ, पुढे चालक धरून तीन, असा माझा हिशेब पुरा होतो. आपले पाय कोठे संपतात आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होतात याचे भान नाहीसे होते. कोणाची तरी कोंबडी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या वर्तमानपत्राचा अग्रलेख बारकाईने पाहू लागते. आणि एवढे होऊनही आमच्या वांगणी गावाच्या दिशेने प्रस्थान ठेवण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही, तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढतो आणि विचारतो,

“झाली ना फुल?”

“झाली ना गुरुजी. दोन शीट बाजारात गेलेत, तेवढे आले की सोडतो.”

“फुल झाली, तर ते दोघे बसणार कोठे?”

“बसतील. गाडी चालू झाली की माणसं सेट होतात.”

(‘शीट’ म्हणजे आसन नव्हे, तर आसनावर बसू इच्छिणारा मनुष्यप्राणी, ज्याला आसन मिळालेले नाही तोही शीटच.) चालकाचा हा सिद्धांत माझ्या सर्व शिक्षणाच्या विरुद्ध असला, तरी अनुभवास मात्र तंतोतंत उतरतो. ती दोन शीटे येतात, त्यांच्याबरोबर खताची गोणी येते, गोणीबरोबर एक आजी येतात, चालक आपल्या देहाचा निम्मा भाग दाराबाहेर काढून उरलेल्या निम्म्याने सुकाणू धरतो, आणि पहिल्याच वळणावर सारी माणसे खरोखरच सेट होतात. त्यानंतर वाटेत कोणी हात केला की चालक गाडीचा वेग कमी करतो, थांबतो, आणि मग मोठ्याने ओरडून सांगतो, “फुल आहे!” या उद्गाराचा अर्थ ‘जागा नाही’ असा घेणारा मनुष्य परगावचा समजावा. त्याचा स्थानिक अर्थ ‘वर या, पण मागाहून कुरकुर करू नका’ असा आहे.

एकदा तर या शब्दाने मला भर पहाटे चकवले. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूच्या शेतकऱ्यांनी अलीकडे मोगऱ्याची लागवड मन लावून केली आहे, आणि कळ्यांच्या करंड्या मजल दरमजल करीत दादरच्या फुलबाजाराकडे रवाना होत असतात. अशा एका टेंपोला मी अंधारात हात केला.

“फुल,” चालक म्हणाला.

“फुले आहेत, की जागा नाही?”

त्याने माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले. “फुलं आहेत म्हणूनच जागा नाही ना, गुरुजी.”

वास्तविक पूर्ण आणि अपूर्ण यांच्या बाबतीत मराठी माणसाला परक्यांच्या दारी जाण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे संध्याकाळी परवचा म्हणून घोकले. साडेतीनसारख्या अडचणीच्या संख्येलाही आमच्यात ‘औट’ असे स्वतंत्र नाव होते आणि तिचा औटकी हा पाढा होता. पूर्णतेची तऱ्हाही अशीच. विहीर तुडुंब असे, पेला काठोकाठ असे, धान्याचे माप शिगोशीग असे, बाजार गच्च असे, पोते ठासून भरलेले असे, अंतःकरण ओतप्रोत असे. आणि यांपैकी एकाही शब्दाने कधी दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले नाही. अंतःकरण शिगोशीग झाले किंवा पोते ओतप्रोत झाले, असे कोणी म्हटले असते, तर त्याच्या प्रकृतीची विचारपूस झाली असती. मग ‘फुल’ आला, आणि एखाद्या लहान कचेरीत बाकीच्या साऱ्या जागा रिक्त ठेवून एकाच शिपायाकडून टपाल, टंकलेखन आणि तिजोरी सांभाळून घ्यावी, तसे या सर्व शब्दांचे काम त्या एकट्यावर येऊन पडले. पंखा फुल, टाकी फुल, रेंज फुल, आवाज फुल, भिजलो फुल, दमलो फुल, आणि मुंबईची मुले सुटीत आली म्हणजे ‘फुल टू धमाल’. या शेवटच्या प्रयोगातील ‘टू’ कोणत्या विभक्तीचा प्रत्यय आहे, हे मी माझ्या व्याकरण शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले होते. ते तेव्हापासून माझ्याशी जरा तुटकपणे वागतात.

जीपमधला ‘फुल’ निदान सर्वांना सारखाच छळतो. एस.टी.मधला मात्र माणूस पाहून छळतो. तेथे फुल ही गाडीची अवस्था नसून प्रवाशाची जात आहे. पूर्वी हे वर्गीकरण सरळ होते: मोठी माणसे फुल, पाच ते बारा वर्षांची मुले हाफ, आणि तेरा वर्षांचा मुलगा गाडीत चढताना आईच्या सूचनेवरून गुडघ्यात किंचित वाकत असे, एवढीच काय ती गुंतागुंत. पुढे सवलतींचा उदार काळ आला. पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट झाले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हणून प्रवास विनामूल्य झाला. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास मिळू लागले. आणि १७ मार्च २०२३ पासून समस्त महिलावर्गाला अर्ध्या भाड्याची सवलत जाहीर झाली. ‘अर्धांगिनी’ हा शब्द आपल्याकडे शतकानुशतके प्रचारात असला, तरी त्याची अक्षरशः अंमलबजावणी करण्याचे श्रेय परिवहन खात्यालाच दिले पाहिजे.

ही सर्व वर्गवारी निघाल्यावर मागे जो काही मनुष्यसमुदाय शिल्लक राहतो, त्यात मी आहे. साठी उलटली आहे, पासष्टी अद्याप दृष्टिपथात आलेली नाही, मी महिला नाही, विद्यार्थी नाही, आणि अमृत होण्याइतका पिकलेलो नाही. परवा मोखाड्याकडे जाताना कंडक्टर यंत्राची पट्टी टर्रकन् फाडीत पुढून मागे आला. “हाफ”, “पास”, “हाफ”, “अमृत”, “दोन हाफ”, अशी दोहों बाजूंनी उत्तरे येत होती. माझ्यापाशी येताच त्याने माझे केस पाहिले, दाढी पाहिली, आणि आदराने विचारले,

“हाफ ना, काका?”

सत्य बोलण्याची सवय हा शिक्षकी पेशाचा एक दुर्धर व्याधी आहे. मी आधार कार्ड पुढे केले. त्याने त्यावरील जन्मतारीख वाचली, बोटांवर काही आकडेमोड केली, आणि म्हणाला, “नाही हो, काका. वय झालं नाही तुमचं अजून.”

इतक्या वर्षांत कोणी मला इतके गोड बोलले नव्हते, आणि त्या बोलण्याचे दुप्पट पैसेही कोणी घेतले नव्हते. “गाडीत फुल तुम्ही एकटेच,” असे तो जाता जाता म्हणाला. ती वार्ता पुढच्या आसनांपर्यंत पोहोचली. एका आजींनी वळून मला आपादमस्तक न्याहाळले आणि शेजारणीला हलक्या आवाजात सांगितले, “दिसतो तर एवढा म्हातारा!” माझी अर्धांगिनी मात्र खिडकीजवळ बसून निवांत डोंगर पाहत होती. आम्हां उभयतांचे मिळून दीड तिकीट होते. खाली उतरल्यावर ती म्हणाली, “सामान तुम्हीच घ्या. तुम्ही फुल आहात.”

फुल आणि हाफ यांचा हा भेदभाव या मुलखाला नवा नाही. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान. विस्तार ३१० चौरस मैल. इंग्रजी अंमलात बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, म्हैसूर आणि काश्मीर या पाच दरबारांना एकवीस तोफांची, म्हणजे फुल सलामी असे. जव्हारच्या वाट्याला नऊ तोफा होत्या. एकविसाचे निम्मे साडेदहा होतात, तेव्हा आमच्या संस्थानाची गणना हाफमध्येही होत नव्हती. किंबहुना अर्धी तोफ कशी उडवावी हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे हाफची सलामी कोणत्याच दरबाराला नसावी. १९२७ साली यशवंतराव मुकणे गादीवर आले ते अवघ्या दहा वर्षांचे, म्हणजे एस.टी. असती तर हाफ तिकिटाचे, आणि अल्पवयीन राजाला वयात येईपर्यंत राज्यकारभाराचे संपूर्ण अधिकार, म्हणजेच ‘फुल पॉवर्स’, द्यावयाच्या नाहीत असा तेव्हाचा दंडकच होता. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. हे दोन प्रसंग एकाच वर्षी घडावेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. फुल पॉवर राजाच्या हातून निघाली, ती कंडक्टरच्या हाती गेली.

विजारीबद्दल फार लिहीत नाही. आमच्या पिढीत हाफ पँटीतून फुल पँटीत जाणे हाच एक उपनयनसंस्कार होता, आणि तो आठवीत होत असे. ज्याचे पाय आधी वाढत त्याला वर्षभर ना हाफ ना फुल अशा औट विजारीत काढावे लागे. हल्ली हे चक्र उलटे फिरले असून, निवृत्त झालेले भारदस्त गृहस्थ सकाळी फिरायला हाफ पँट घालून निघतात आणि पहिलीतली पोरे फुल पँटीत शाळेत जातात.

उपाहारगृहात ‘फुल चहा’ मागितला, तर तो पेल्यात पाऊणच येतो. उरलेली पाव जागा पेला धरण्यासाठी असते, असे मालक सांगतो. ‘कटिंग’ मागितला तर तोच पेला निम्म्याहून थोडा अधिक भरतो. या दोहोंतील वास्तविक अंतर दोन घोटांचे असून दरातील अंतर त्याहून पुष्कळ मोठे आहे. परंतु द्रवपदार्थांच्या मापनात माझे डोळे खऱ्या अर्थाने उघडले, ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना ज्याच्यापायी माझा खडू आणि संयम ही दोन्ही झिजून गेली, तो हा गृहस्थ एका संध्याकाळी नाक्यावर मला अडवून उभा राहिला.

“गुरुजी, चार पाव म्हणजे एक ना?”

“होय,” मी सद्गदित होऊन म्हणालो. इतक्या वर्षांनी का होईना, बीज रुजले होते.

“मग फुल साडेसातशे मिलीची. हाफ पावणेचारशेची. इथपर्यंत बरोबर. पण क्वार्टर एकशेऐंशीची. चार क्वार्टर घेतल्या तर सातशेवीसच होतात. तीस मिली कुठं जातात?”

मी तेथेच, विजेच्या खांबाला पाठ टेकून, मनातल्या मनात भागाकार केला. त्याचे म्हणणे बिनतोड होते. साडेसातशेचा पाव एकशे साडेसत्त्याऐंशी व्हावयास हवा. दर पावामागे साडेसात मिली गहाळ आहेत, आणि अवघा देश इतकी वर्षे याबद्दल दरखास्त न करता मुकाट्याने पीत आहे. “म्हणून आम्ही फुलच घेतो,” तो म्हणाला, “हिशेब चुकत नाही.” हिशेबाबद्दल इतकी कळकळ त्याने वर्गात कधी दाखवली नव्हती. तो स्वतःही त्या वेळी फुल होता. आणि जीप व मनुष्य यांतील मूलभूत फरक मला तेव्हा स्पष्ट झाला. जीप फुल झाली की निघते, मनुष्य फुल झाला की जागचा हलत नाही.

लग्नसराईत या शब्दाचा संचार रात्री सुरू होतो. आमच्याकडचे जुने लग्न तारप्यावर नाचत असे. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांपासून केलेले हे वाद्य. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या धिंडा यांच्या तारपावादनाचा संगीत नाटक अकादमीनेही गौरव केला आहे. या वाद्याला आवाज वाढवण्याची खुंटी नाही. वादकाच्या छातीत जेवढा वारा असेल तेवढाच त्याचा आवाज, आणि तेवढ्यावर माणसे रात्रभर फेर धरीत. आता टेंपोवर भिंतीएवढे ध्वनिक्षेपक चढवून ‘डीजे’ येतो. माझ्या कौलांतून धूळ गळू लागली, फडताळातील कपबश्यांनी आपापल्या जागा बदलल्या, तेव्हा मी जाऊन त्या पोराला विनंती केली, “बाबा रे, आवाज जरा कमी कर. फुल कशाला ठेवला आहेस?”

“फुल कुठं, काका?” तो खरोखरच दुखावला होता. “हा निम्माच आहे. फुल वरात निघाल्यावर.”

शाळेत मात्र ‘फुल’ हा शब्द मी स्वतः पुष्कळ वापरला. तपासणीचे साहेब यावयाचे असले, की ‘वर्ग फुल पाहिजे’ असा वरून हुकूम येई, आणि आम्ही पाड्यापाड्यांवर हिंडून पट आणि पोरे यांचा मेळ घालीत असू. दिवाळी सरली की मात्र हा मेळ तुटे. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे निघत. कोठे चाललात असे विचारले, तर “जगायला” असे साधे उत्तर मिळे. हजेरीपुस्तक फुल राही आणि बाके हाफ होत. होळीला ती माणसे गावाकडे परतू लागली, की मग एस.टी. अशी भरून येई, की कंडक्टर दाराच्या पायरीवरूनच तिकिटे फाडी, आणि त्या एका सप्ताहात ‘फुल’ या शब्दाबद्दल माझी कोणतीच तक्रार नसे.

पाण्याच्या बाबतीत हा शब्द चमत्कारिक वागतो. वैतरणा नदीवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशी तीन धरणे आहेत. त्यांतील मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी ही तीन. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास मुंबईच्या वर्तमानपत्रांत ‘तलाव फुल’ अशी ठळक बातमी येते, आणि बोरिवलीला राहणारी माझी बहीण आनंदाने फोन करते, “अरे, तुमच्याकडची धरणं भरली म्हणे! आता वर्षभर चिंता नाही.” चिंता नाही ती तिला. चैत्र-वैशाखात आमच्या बाजूच्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. “फुल आणलाय,” असे चालक आल्या आल्या जाहीर करतो, आणि वाटेतल्या खड्ड्यांनी त्याचा किती वाटा परस्पर घेतला, हे तो विहिरीत रिता होईपर्यंत कळत नाही. तेथे हंडा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंना मी, केवळ माहिती म्हणून, सात जलाशयांचे गणित समजावून सांगत होतो.

“धरण कुठं आहे?” त्यांनी विचारले.

“आपल्याच तालुक्यात.”

“अन् नळ?”

“मुंबईत.”

“मग फुल आहे ते बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “आमी काढलंच नाय त्यातलं.” त्यांच्या वजाबाकीत मला चूक काढता आली नाही.

सेवानिवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे लेखी कळवावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. त्या निमित्ताने मी एका खिडकीपाशी उभा होतो. खिडकीमागील बाईंनी माझा कागद पाहून परत सरकवला.

“ही शॉर्ट सही आहे. फुल सही करा.”

मी गेली कित्येक वर्षे प्रगतिपुस्तकांवर जी सही केली, जिच्या बळावर काही पोरे वर चढली आणि काही खालीच राहिली, ती आता अपुरी ठरली होती. संक्षिप्त स्वाक्षरी करणारा इसम अर्धवट हयात आहे, अशी सरकारची धारणा असावी. मी फुल सही केली.

“नाव पण फुल लिहा.”

“लिहिले आहे.”

“पुस्तकात आडनाव आधी आहे. आधारवर आडनाव शेवटी आहे.”

“दोन्ही नावे फुलच आहेत ना?”

“फुल आहेत हो, पण जुळत नाहीत. साध्या कागदावर तसा अर्ज द्या. फुलस्केपवर.”

आता या ‘फुलस्केप’ची एक मौज आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्या शब्दाच्या आरंभी जो ‘फुल’ दिसतो, तो आपला ‘फुल’ नव्हेच. युरोपात जुन्या काळी त्या आकाराच्या कागदावर विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीचे जलचिन्ह असे. त्या ‘फूल’च्या, म्हणजे मूर्खाच्या, टोपीवरून कागदाला ते नाव पडले. तात्पर्य, इंग्रजी अंमलापासून आजतागायत मामलेदारापासून दिवाणी अदालतीपर्यंत ज्या ज्या रयतेने आपली गाऱ्हाणी, तक्रारी आणि दरखास्ती विनयपूर्वक सादर केल्या, त्या सर्व तिने विदूषकाच्या टोपीवर लिहिल्या. हे वाचल्यापासून, त्यांना येणाऱ्या उत्तरांविषयी माझ्या मनात जो राग होता, तो मावळला. मी फुलस्केप आणला, आणि त्यावर मी म्हणजे मीच असल्याचे फुल सहीनिशी लिहून दिले.

एवढ्यावर माझी ग्रहदशा संपावयाची होती. पण थंडी पडली. जव्हार उंचावर असल्यामुळे आमच्याकडे पौषात पहाटे अंगात हुडहुडी भरते, आणि माझ्या भाच्याने प्रेमाने आपल्या मोबाईलवरून माझ्यासाठी एक स्वेटर मागवला. ‘फुल’ हवा की ‘हाफ’, असे त्या दुकानाने विचारले. आम्ही फुल म्हटले. पुढे त्याने ‘फुल पत्ता’ मागितला. तोही दिला: घर, पाडा, वांगणी, जव्हार-मोखाड्याकडची, जिल्हा पालघर. काही दिवसांनी फोन वाजला.

“सर, पार्सल आहे. मी वांगणीत उभा आहे, तुम्ही कुठे आहात?”

“मीही वांगणीतच आहे.”

“स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला?”

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत मिळून एकही रेल्वे स्टेशन नाही. हा मनुष्य मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, बदलापूर आणि शेलू यांच्या मधल्या वांगणीला उभा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागला जाऊन आमचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला, ही वार्ता त्या दुकानाच्या यंत्रापर्यंत पोहोचलेली नसावी. कारण त्याने आमच्या नव्या जिल्ह्याची नोंद झटकून जुना ठाणेच कायम केला होता, आणि ठाण्यातली वांगणी म्हटल्यावर बिचारा सरळ लोकलने निघाला होता. मी त्याला सारा भूगोल सविस्तर समजावला.

“सर,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “तुमचा पत्ता फुल होता. गाव फक्त दुसरं होतं.”

यथावकाश ते पार्सल डोंगर चढून आमच्या वांगणीला पोहोचले. उघडले, तो आत बिनबाह्यांचा स्वेटर. पाकिटावर मात्र ठसठशीत अक्षरांत ‘फुल’ लिहिले होते. भाच्याने तो परत पाठवला, आणि आठवडाभराने एका मुलीचा अत्यंत मंजुळ आवाजात फोन आला. तिने आधी माझे फुल नाव विचारले. मी सावधपणे दोन्ही सांगितली.

“सर, तुम्हाला फुल रिफंड मिळणार आहे. फक्त त्यातून येण्याजाण्याचा खर्च वजा होईल. दोनदा.”

“दोनदा का?”

“दोन वांगणींना गेलं ना, सर.”

“मग तो फुल कसा?”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. बहुधा तिने कोणाला तरी विचारले असावे. मग पूर्ण खात्रीने उत्तर आले, “सर, जेवढा मिळतो, तेवढाच फुल असतो.”

मी हे वाक्य वहीत उतरून घेतले आहे. गणिताच्या दृष्टीने मला त्यात अद्याप चूक सापडलेली नाही, आणि पैसेही अद्याप आलेले नाहीत.